फुकटची भूतदया

इ. स. १६१२ मधली गोष्ट. बादशहा जहांगीराचा मुकर्रबखान नावाचा सरदार गोव्याच्या बंदरातून नवलाच्या चिजा खरेदी करून दरबारी परतला. त्याने आणलेल्या नजराण्यात एक अजब पक्षी होता. लांडोरीहून मोठा, मोराहून लहान; डोक्यामानेवर पिसे नाहीत, नुसते मांसल लोंबते गोंडे; आणि माजावर आला की त्या गोंड्यांचा रंग सरड्यासारखा पालटे. बादशहाला त्याचे इतके कौतुक वाटले की त्याने आपल्या आठवणींत त्याचे वर्णन लिहून ठेवले, आणि दरबारी चितारी उस्ताद मन्सूर याने त्याचे चित्र रेखाटले. ते चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहे.

तो पक्षी म्हणजे टर्की. मेक्सिकोतल्या लोकांनी माणसाळवलेला, स्पॅनिश लोकांनी सोळाव्या शतकाच्या आरंभी युरोपात नेलेला आणि पुढे जहाजातून गोव्याला पोचलेला. त्याच्या नावाची कथा मोठी गमतीची आहे. इंग्रज त्याला तुर्कस्तानचा समजून 'टर्की' म्हणतो. तुर्क त्याला 'हिंदी' म्हणतो. फ्रेंच माणसाच्या तोंडी त्याचे नाव 'हिंदुस्थानचा' अशाच अर्थाचे आहे. पोर्तुगीज त्याला 'पेरू' म्हणतो. ज्याने त्याने दुसऱ्याच्या दारात नेऊन सोडलेल्या पोरासारखी या पक्ष्याची गत. तो मेक्सिकोचा, हे मात्र यांतल्या कोणाच्याच नावात आले नाही.

खुद्द अमेरिकेतही त्याची फार काळ तीच गत होती. जे सगळ्यांचे ते कोणाचेच नव्हे, या न्यायाने तिथल्या रानटर्कीचा जवळजवळ निर्वंश झाला; आणि आज तोच पक्षी साठ लाखांच्या घरात आहे. हे कोणी केले? अहिंसेचे व्रत घेतलेल्यांनी नव्हे. हे केले त्याला गोळी घालणाऱ्यांनी. फराळाच्या ताटाशी बसून वाचायला हा विषय गोड नाही, हे मी जाणतो. पण गोड नसलेले सत्यही वर्षातून एकदा तरी ताटात पडावे. शिवाय या सत्याचा एक काटा आपल्या माळरानावर येऊन रुततो, म्हणून हा लेखनप्रपंच.

*

आधी पक्ष्याचा नाश कसा झाला ते पाहू. युरोपीय लोक अमेरिकेत उतरले तेव्हा आजच्या हिशेबाने ३९ राज्यांच्या भूमीवर रानटर्की होता. मग कुऱ्हाड आली आणि तिच्यामागून बाजार आला. जंगले तोडून शेते झाली, आणि रानात जो काही पक्षी उरला तो शहरांच्या बाजारात विकण्यासाठी बारमहा मारला जाऊ लागला. विणीचा काळ पाहिला नाही, मादी-नर पाहिला नाही. रात्री झाडावर झोपलेला थवाच्या थवा टिपला. मॅसॅच्युसेट्स राज्यातला शेवटचा रानटर्की १८५१ साली मारला गेला. विस्कॉन्सिनमधून तो १८८१ च्या सुमारास गेला. १९२० पर्यंत ३९ पैकी १८ राज्यांत औषधालाही उरला नव्हता. पुढे १९०४ साली न्यूयॉर्कमध्ये दिसलेल्या बुरशीने पूर्वेकडचे चेस्टनटचे वृक्षही कोट्यवधींनी मारले, म्हणजे उरल्यासुरल्या पक्ष्याच्या तोंडचा घासही गेला. १९३० च्या दशकात साऱ्या देशात मिळून दोन लाख टर्की असतील नसतील, असा अंदाज होता.

ज्या पक्ष्याला बेंजामिन फ्रँकलिनने १७८४ साली आपल्या मुलीला लिहिलेल्या पत्रात गरुडापेक्षा अब्रूदार ठरवले होते, त्याची ही अब्रू!

आता येथे आपल्यासारखा समाज काय करता? एक कायदा करता, त्या कायद्यात 'शिकार बंद' असे लिहिता, आणि पुण्य पदरी पडल्याच्या समाधानात झोपी जाता. अमेरिकनांनीही कायदे केले. १९०० सालच्या लेसी कायद्याने चोरून मारलेले सावज एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेऊन विकणे गुन्हा ठरवला. बाजारासाठी चाललेली कत्तल थांबली. पण त्यांच्या लवकरच ध्यानात आले की मारणे थांबवणे ही अर्धी गोष्ट आहे. वाढवणे ही उरलेली अर्धी, आणि तिला पैसा लागतो. तो कोणी द्यायचा?

१९३३ साली अल्डो लिओपोल्ड या वनशास्त्रज्ञाने सावजाच्या व्यवस्थेवर एक ग्रंथच लिहिला. शेतकरी पिकाचा विचार करतो तसा रानाचा, चाऱ्याचा, आसऱ्याचा आणि संख्येचा विचार केला पाहिजे, असा त्याचा रोख होता. आणि १९३७ साली अमेरिकेच्या काँग्रेसने एक कायदा केला. तो पिटमन-रॉबर्टसन कायदा म्हणून ओळखला जातो. शिकारीच्या बंदुका आणि काडतुसे यांवर जी अबकारी जकात बसे ती सरकारच्या सामान्य तिजोरीत जाऊ न देता वन्य प्राण्यांसाठी वेगळी काढायची. रायफली, छऱ्याच्या बंदुका आणि दारूगोळा यांवर हा दर शेकडा ११ आहे. पैसा राज्यांना वाटायचा तो राज्याचे क्षेत्रफळ आणि परवानाधारक शिकाऱ्यांची संख्या पाहून. मंजूर कामाच्या खर्चाचे तीन हिस्से या निधीतून, चौथा हिस्सा राज्याने घालायचा. आणि सगळ्यांत महत्त्वाची अट अशी की, शिकारीच्या परवान्यांची जी फी राज्याकडे जमते ती राज्याने सावजखात्याशिवाय दुसऱ्या कशाकडेही वळवता कामा नये. वळवलीत, तर हा निधी बंद!

वाचकहो, ही शेवटची अट पुन्हा एकदा वाचा. तिच्यात मोठे शहाणपण आहे. लोकांकडून एका कामासाठी पैसा घ्यायचा आणि तो दुसऱ्याच खड्ड्यात ओतायचा, हा सरकारांचा जुना धंदा. त्या धंद्याला या एका कलमाने कुलूप लावले. आज या निधीतून राज्यांना दरसाल शंभर कोटी डॉलरच्या घरात रक्कम मिळते.

*

पैसा आला म्हणजे अक्कल आली असे नव्हे. आरंभी राज्यांनी सोपा मार्ग धरला. खुराड्यांत टर्कीची अंडी उबवायची, पिल्ले वाढवायची आणि रानात सोडून द्यायची. कारखान्यातून डबे काढावेत तसे पक्षी काढले. वर्षानुवर्षे, एकूण तीन लाखांहून अधिक पक्षी सोडले गेले. जवळजवळ सगळे व्यर्थ गेले. खुराड्यातल्या पिल्लाला घुबड ठाऊक नव्हते, कोल्हा ठाऊक नव्हता. धोका दिसताच चिडीचूप बसायला शिकवणारी आई त्याने पाहिली नव्हती. रानात सोडले की चार दिवसांत त्याचा फराळ व्हायचा.

शेवटी उमगले ते असे की, रानटर्की रानातल्या टर्कीपासूनच होतो. त्याला तयार करता येत नाही; फक्त एका रानातून दुसऱ्या रानात नेता येते. पण हा पक्षी महाधूर्त. त्याला पकडायचे कसे? पाणपक्षी पकडण्यासाठी तोफेसारख्या नळ्यांनी उडवायचे एक जाळे निघाले होते. दाणे पसरायचे, थवा दाण्यावर जमला की दुरून कळ दाबायची, आणि डोळ्याचे पाते लवते न लवते तोच जाळे थव्यावरून जाऊन पडते. १९५१ साली साउथ कॅरोलायनात ते टर्कीवर वापरण्यात आले आणि सारे चित्र पालटले.

मग जी देवघेव सुरू झाली ती ऐकण्यासारखी आहे. १९६९-७० मध्ये न्यूयॉर्क राज्यातून व्हरमाँटला ३१ पक्षी गेले. १८५१ साली निर्वंश झालेल्या मॅसॅच्युसेट्समध्ये १९७२-७३ साली न्यूयॉर्कचेच ३७ पक्षी सोडले. १९७६ साली विस्कॉन्सिनच्या व्हर्नन परगण्यात मिझुरीहून आलेले २९ पक्षी उतरले. आणि त्याबदल्यात विस्कॉन्सिनने मिझुरीला ग्राउस नावाचे तित्तिरकुळातले पक्षी दिले. लग्नात आहेर-परतआहेर व्हावा तसे दोन राज्यांनी आपापल्या रानातले धन वाटून घेतले! आणि त्या मूठभर पक्ष्यांची आज काय संतती आहे? व्हरमाँटमध्ये त्या ३१ पक्ष्यांचे वंशज आता हजारांनी मोजतात. मॅसॅच्युसेट्समध्ये बॉस्टनच्या उपनगरांत टर्की रस्त्यावरून टोळीने फिरतात आणि माजावर आलेला नर पोस्टमनच्या अंगावर धावून जातो.

आणि शिकार? ती तर चालूच होती, नव्हे, तिच्यासाठीच तर हे सारे! पण कशी चालू होती ते पाहा. मिझुरीने १९५० च्या दशकात पक्षी पकडून राज्यातल्याच ओसाड रानांत सोडण्यास प्रारंभ केला, आणि १९६० साली वसंतातला पहिला हंगाम उघडला. तो किती दिवसांचा? तीन. किती परगण्यांत? चौदा. आणि त्या साऱ्या हंगामात मारले गेलेले टर्की किती? ९४. लाखो शिकाऱ्यांच्या देशात ९४ पक्षी! हाती बंदूक, समोर पक्षी, आणि तरी बोट आवरून धरायचे, ही गोष्ट संयमाची नाही काय? आपण ज्याला संयम म्हणतो तो बहुधा ज्याची इच्छाच नाही त्या गोष्टीचा असतो.

वसंतात मारायचा तो फक्त नर. छातीवर दाढीसारखा केसांचा झुपका असलेला. कारण या जातीत एक नर अनेक माद्यांशी रमतो. माद्या एकदा फळल्या की त्या जमिनीवरच्या घरट्यात १०-१२ अंडी घालतात, सुमारे २८ दिवस एकट्याच उबवतात आणि पिल्लावळ एकट्याच वाढवतात. नराचा त्यात काडीचा हातभार नाही. म्हणून माद्या अंड्यावर बसू लागल्यावर काही नर गेले तरी वंशाला धक्का लागत नाही, असा हिशेब. शिकाऱ्याने पहाटे झाडाच्या बुंध्याशी पाठ टेकून बसायचे आणि मादीच्या सादेची नक्कल करायची. नर आला तर आला. मारला तर परवान्याची चिठ्ठी त्याला लावायची आणि बहुतेक राज्यांत ठरल्या मुदतीत, बऱ्याच ठिकाणी त्याच दिवशी, सरकारला कळवायचे. उन्हाळ्यात खात्याची माणसे आणि गावचे हौशी लोक एका मादीमागे किती पिल्ले दिसतात ते मोजतात. त्या आकड्यावरून पुढच्या हंगामाचे दिवस आणि माणशी पक्षी ठरतात. १९७३ साली टर्कीप्रेमी शिकाऱ्यांनी आपला एक राष्ट्रीय संघच काढला. त्या वर्षी देशात १३ ते १५ लाख टर्की होते. पुढच्या तीस वर्षांत ते ६५ लाखांच्या वर गेले.

*

आता आक्षेप घेऊ.

कोणी म्हणेल, हे काय मोठेसे! खाटीकही बोकड वाढवतोच. मारण्यासाठी जगवणे याला दया कोणी म्हणावे?

दया म्हणूच नका. मीही म्हणत नाही. पण बोकडाची उपमा येथे लागू पडत नाही. बोकड गोठ्यात वाढतो. टर्की खुराड्यात वाढवून पाहिला आणि तीन लाख पक्षी मातीत गेले. त्याला वाढवायचे तर ओकची झाडे राखावी लागतात, झाडांखालचे गवत राखावे लागते, गवतातले किडे राखावे लागतात. कारण टर्कीचे पिल्लू पहिले काही आठवडे मुख्यतः किड्यांवरच जगते. म्हणजे एक पक्षी मारण्याची हौस पुरवायची तर अख्खे रान राखणे प्राप्त होते. आणि त्या रानात केवळ टर्कीच राहत नाही. न मारली जाणारी शंभर पाखरे त्याच आसऱ्याने जगतात.

दुसरा म्हणेल, ज्यांनी नाश केला तेच आता तारणहार म्हणून मिरवणार काय?

या आक्षेपात तथ्य आहे. अमेरिकन शिकारी आपली पाठ जरा जास्तच थोपटून घेतो. त्याने पैसा दिला, हे खरे. पण पूर्वेकडची खडकाळ शेती परवडेना म्हणून शेतकरी ती सोडून गेले आणि ओसाड शेतांवर जंगल आपोआप परत आले, याचे श्रेय कोणत्याही बंदुकीला नाही. जंगल परतले नसते तर जाळ्यात पकडलेले ते पक्षी सोडले तरी कोठे असते? शिवाय आज बंदुका-काडतुसे विकत घेणाऱ्यांत शिकारीला कधीच न गेलेले लोक फार मोठ्या संख्येने आहेत. कोणी निशाणबाजीसाठी घेतो, कोणी शेजाऱ्याच्या भीतीने. त्यांच्या भीतीचा पैसाही टर्कीच्या रानाला जातो. ज्या निधीची वाढ माणसांच्या परस्पर भयावर अवलंबून आहे, तो निधी फार अभिमानाने मिरवण्याजोगा नव्हे.

आणि तिसरा आक्षेप मी स्वतःच घेतो. तो सगळ्यांत गंभीर आहे. व्यवस्था खरी कसोटीस लागते ती भरतीच्या वेळी नव्हे, ओहोटीच्या वेळी. गेली काही वर्षे अमेरिकेच्या आग्नेयेकडील राज्यांत टर्की घटत आहे. एका मादीमागे दिसणारी पिल्ले कमी झाली आहेत. कारणे अनेक सांगतात: रानांचा बदललेला पोत, घरट्यातली अंडी खाणारे रकून आणि तत्सम प्राणी, ओली वर्षे. आणि काही शास्त्रज्ञांनी एक अडचणीचा प्रश्न विचारला आहे. हंगाम फार लवकर उघडून, माद्या फळण्याआधीच आपण थव्यातला मुख्य नर मारतो आहोत काय? 'जादा नर मारला तर काय बिघडले' या सुखाच्या हिशेबावर साठ वर्षे निश्चिंत असलेल्या शिकाऱ्यांना हा प्रश्न झोंबला.

परंतु त्यांनी काय केले तेही सांगितले पाहिजे. २०२२ साली जॉर्जियाने हंगाम आठवडाभर उशिरा उघडला आणि माणशी तीनाऐवजी दोनच पक्षी ठेवले. अलाबामाने पाचाचे चार केले आणि हंगामाच्या पहिल्या दहा दिवसांत नकली पक्षी मांडून नराला फसवण्यास मनाई केली. टेनेसीने दोन आठवड्यांच्या उशिराचा प्रयोग करून त्याचा अभ्यास केला. आणि नुसत्या उशिराने घरट्यांचे यश वाढलेले दिसले नाही, हेही तेथल्या अभ्यासकांनी लपवून न ठेवता मांडले. हौसेला कात्री लावायची, मग ती कात्री योग्य जागी लागली की नाही हे तपासायचे, आणि उत्तर मनाविरुद्ध आले तरी छापायचे! मला त्या बंदुकीचा मोह नाही. मोह आहे तो या वहीखात्याचा.

*

आणि आता आपल्या अंगणात येऊ.

फ्रँकलिनच्या टर्कीसारखाच आपल्याकडेही एक नाकारला गेलेला पक्षी आहे. राष्ट्रीय पक्षी निवडायची वेळ आली तेव्हा डॉ. सलीम अलींनी त्याचे नाव सुचवले होते. १९६३ साली मान मिळाला मोराला. तो पक्षी म्हणजे माळढोक. सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर, कुसळी गवतात, राजासारखा मान ताठ करून चालणारा. त्याच्यासाठी १९७९ साली अभयारण्य जाहीर झाले. किती मोठे? ८,४९६ चौरस किलोमीटर! कागदावर गावेच्या गावे, शेते, रस्ते, सारे अभयारण्यात. त्या क्षेत्रातल्या शेतकऱ्याला जमिनीचे व्यवहार करताना अडचणी येऊ लागल्या. ज्याने कधी माळढोकाला दगडही मारला नव्हता, तो माळढोकाचे नाव काढताच कपाळाला आठ्या घालू लागला. पुढे क्षेत्र घटवून १,२२२ चौरस किलोमीटर केले. तोवर पाटाचे पाणी आले होते, ऊस आला होता, गवताळ माळाला 'पडीक' म्हणण्याची आपली सवय तर जुनीच. आज नान्नजला माळढोक दिसला तर बातमी होते. साऱ्या भारतात मिळून तो दीडशेच्या आसपास उरला आहे. त्यांतले बहुतेक राजस्थानात.

कोणी गोळ्या घालून संपवला काय? एके काळी साहेबांनी आणि संस्थानिकांनी पुष्कळ मारला, हे खरे. पण १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला पहिल्या परिशिष्टातले, म्हणजे सर्वांत कडक संरक्षण दिले, त्याला अर्धशतक उलटले. त्या अर्धशतकात तो संपत आला. तो संपला गवत संपल्यामुळे. विजेच्या तारांना धडकल्यामुळे. वर्षाकाठी बहुधा एकच अंडे घालणाऱ्या मादीला ते निवांत उबवण्याइतका माळ न उरल्यामुळे. आम्ही बंदूक काढून घेतली, आणि नांगर, तारा, ऊस आणि उदासीनता तशीच ठेवली. मारणारा हात बांधला. राखणारा हात पुढे आलाच नाही.

गैरसमज नको. येथे शिकार पुन्हा उघडा, असे मी म्हणत नाही. एका वेळी १०-१२ अंडी घालणाऱ्या पक्ष्याला जो हिशेब चालतो तो एक अंडे घालणाऱ्याला चालत नाही, हे शाळकरी पोरालाही कळेल. शिवाय आपल्याकडे शिकार हा सामान्य माणसाचा हक्क कधी नव्हताच. तो राजेरजवाड्यांचा विलास होता. १९४७ साली एका महाराजांनी एकाच रात्री तीन चित्ते टिपले, आणि ते या देशातले बहुधा शेवटचे ठरले. १९७२ चा कायदा हवाच होता, आजही हवा आहे. माझे भांडण कायद्याशी नाही. कायदा केला म्हणजे कर्तव्य संपले असे मानणाऱ्या आपल्या मनाशी आहे.

आपली भूतदया फुकटची आहे. मुंगीला साखर घालतो तेवढाच तिचा खर्च. अमेरिकन शिकाऱ्याला विचारा, टर्कीसाठी तू काय दिलेस? तो परवान्याची पावती दाखवील, काडतुसावरची जकात सांगेल. आपल्याला कोणी विचारले, माळढोकासाठी तुम्ही काय दिलेत? तर आपण कनवाळू चेहरा दाखवू! कनवाळू चेहऱ्यावर गवत उगवत नाही.

बरे, दया फुकटची असली तरी तिची किंमत कोणीतरी भरतेच. ती भरतो ज्याच्या शेतात रानडुक्कर रात्रीत भुईमूग उलथून जाते तो शेतकरी. ती भरतो फासेपारधी. पिढ्यान्‌पिढ्या ज्याने तितराच्या सादेवरून रान वाचले, त्याला इंग्रजांनी जन्मजात गुन्हेगार ठरवले. तो कलंक १९५२ साली कागदावरून पुसला, तोच वीस वर्षांनी त्याचे जाळेही गुन्हा ठरले. गुन्हा ठरले हे योग्यच. पण त्याच्या डोक्यातले रानाचे ज्ञान आपण त्याच्या जाळ्याबरोबरच जप्त करून टाकले. अमेरिकेत पक्ष्याच्या सादेची हुबेहूब नक्कल करणारा माणूस पिल्ले मोजायला मदत करतो. आपल्याकडे तसाच माणूस पोलिसाला पाहून वाट बदलतो. अकोला-वाशीमकडे फासेपारध्यांच्या काही वस्त्या आता गवताची राने राखू लागल्या आहेत. त्यांना ते काम आपण सुचवायला हवे होते, पन्नास वर्षांपूर्वी, पगार देऊन.

आणखी एक चिमटा. राजस्थानात माळढोकाची पैदास करून त्याला वाचवण्याचा जो प्रयत्न चालू आहे, त्यात २०२४ साली कृत्रिम रेतनातून पहिले पिल्लू जन्मले. आपल्या शास्त्रज्ञांना हे तंत्र कोठे शिकायला मिळाले? अबूधाबीत, हुबारा पक्ष्यासाठी काढलेल्या संस्थेत. आणि अरबांना हुबाराची एवढी काळजी का? कारण ससाणा उडवून त्याची शिकार करणे हा त्यांचा पिढीजात शौक! शिकाऱ्याच्या विद्येने अहिंसकाचा पक्षी वाचवावा, यापरता दैवदुर्विलास कोणता? पण पुन्हा टर्कीचा धडा विसरू नये. पिंजऱ्यात पिल्लू वाढवणे हे आरंभाचे पाऊल आहे. सोडायला माळ नसेल तर तीही खुराड्याचीच कथा होईल.

*

मग करायचे काय? बंदूक नको, पण तिच्यामागची तीन सूत्रे आपल्याला उसनी घेता येतील. पहिले, जो रानाचा आनंद घेतो त्याने रानाचे मोल द्यावे. आपण शिकार करीत नाही, पण दुर्बिणी घेतो, कॅमेरे घेतो, जीपमधून वाघ पाहायला जातो, माळाशेजारच्या हॉटेलात चुलीवरची भाकरी खातो. या प्रत्येकावर थोडी पट्टी बसवावी आणि १९३७ च्या त्या कायद्यासारखे कुलूप लावून ती गवताच्या कामाखेरीज कशालाही वळू देऊ नये. दुसरे, मोजावे. वाघ आपण मोजतो, कारण त्याच्यावर जगाचा डोळा आहे. पण तालुक्यातालुक्यात तितर किती, ससे किती, डुकरे किती, हे दरसाल गावच्याच माणसांकडून, पारध्यांकडून, मोबदला देऊन मोजून घ्यावे. ज्याचा आकडा नाही त्याच्याबद्दल भांडणे होतात, व्यवस्था होत नाही. तिसरे, ज्याच्या बांधावर पक्ष्याने अंडे घातले त्याला त्या अंड्याचा अभिमान वाटेल इतके त्याच्या पदरात पडावे. निदान भीती तरी वाटू नये.

आपल्या पूर्वजांनी देवराया राखल्या. तिथे देवाच्या धाकाने कोणी काटकी उचलत नसे. तीही व्यवस्थाच होती. तिला मालक होता, देव. तिला नियम होते, आणि नियम मोडणाऱ्याला गाव दंड करीत असे. आपण देवाचा धाक गमावला आणि त्या जागी वहीखाते आणले नाही. मधल्या रिकाम्या जागेत माळढोक मेला.

आज घरोघरी लक्ष्मीपूजन होते, व्यापारी वहीपूजन करतात. नव्या वहीवर कुंकवाचे स्वस्तिक काढून पहिल्या पानावर शुभ-लाभ लिहितात. तशी एक वही आपल्या गावच्या माळाची का असू नये? तिच्यात जमेला गवत लिहावे, पाखरे लिहावीत. खर्चाला आपला पैसा लिहावा. वर्षाअखेर बाकी काढावी. ती वजा निघाली तर पुढल्या वर्षी हात आखडावा, अधिक निघाली तर पोराबाळांना माळावर नेऊन ती दाखवावी. टर्कीच्या देशाने एवढेच केले. त्याला बंदूक लागली, कारण त्याला बंदुकीची हौस होती. आपल्याला ती नाही, याचा आपल्याला अभिमान आहे. तर मग बंदुकीवाचून हेच काम करून दाखवणे आपल्याला जड का जावे?